खोल समुद्रातला खेकडा कोणता आणि कुठला? डीएनएवरून ओळख पटवण्याची रीत

पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला, समुद्राच्या तळाच्या उतारावर एक लाल खेकडा मिळतो. १९८१ पर्यंत तो अमेरिकेच्या बाजूच्या लाल खेकड्याच्याच नावाने नोंदवला जात होता: जेरिऑन क्विंक्विडेन्स. रेमंड मॅनिंग आणि लिप्के होल्थुइस या दोघा अभ्यासकांनी तो वेगळा काढून त्याला मॅरिटी हे नाव दिलं. १९८४ मध्ये फ्लोरिडाकडच्या सोनेरी खेकड्याला त्यांनी फेनेरी हे नाव दिलं. १९८९ मध्ये या दोघांनीच यातल्या बहुतेक खेकड्यांना जेरिऑनमधून उचलून चेसिऑन या नव्या प्रजातीत नेऊन बसवलं. म्हणजे आफ्रिकेकडच्या त्या एका खेकड्याची जुनी कागदपत्रं चाळली तर नऊ वर्षांत तीन नावं सापडतात. प्राणी तोच, समुद्र तोच.

हे सगळं भिंगाखाली पाहून ठरलं. डीएनए वाचणं सोपं झाल्यावर अनेकांना वाटलं की आता नावांचा घोळ संपला. तो संपला नाही, काही ठिकाणी वाढला. कारण डीएनएचा अनुक्रम म्हणजे नुसती अक्षरांची ओळ असते. त्या ओळीला नाव मिळतं ते बाटलीत जपून ठेवलेल्या खेकड्यामुळे आणि त्याच्या चिठ्ठीमुळे. पुढची सगळी रीत मी याच एका गोष्टीभोवती मांडली आहे. प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) केलेला आहे, पण खेकड्याला पहिल्यांदाच हात लावतो आहे, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. लेखात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, हे एकदा सांगून ठेवतो. मराठीत या दोन शब्दांची सतत अदलाबदल होते.

आधी प्रश्न ठरवा

काम हाती घेताना प्रश्न तीनपैकी एक असतो. हा खेकडा कोणत्या जातीचा? हा कोणत्या पाण्यातून आला? किंवा, आपण ज्याला एक जाती म्हणतो आहोत त्यात दोन-तीन जाती दडलेल्या आहेत का? तिन्हींची साधनं वेगळी आहेत. पहिल्या प्रश्नाला एक-दोन जनुकं आणि मोजके नमुने पुरतात. दुसऱ्याला प्रत्येक ठिकाणचे तीस-पन्नास खेकडे आणि शेकडो अनुवांशिक खुणा लागतात. तिसऱ्याला डीएनए आणि भिंग दोन्ही लागतात, आणि वेळही भरपूर लागतो. पाच पाय पाठवून ‘हे समुद्रतळावरच्या कोणत्या उंचवट्यावरचे खेकडे आहेत ते सांगा’ असं विचारणारे भेटतात. त्यांना काम सुरू होण्याआधीच सांगावं लागतं की एका बारकोडवरून, म्हणजे ओळखीसाठी वाचलेल्या जनुकाच्या एका तुकड्यावरून, हे कळणार नाही.

आणखी एक गोष्ट आधी पाहा: तुमच्या हातातला प्राणी खरा खेकडा आहे का? बाजारात ‘किंग क्रॅब’ म्हणून विकला जाणारा लिथोडिड गट खऱ्या खेकड्यांमध्ये बसत नाही. तो शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांच्या वंशातून आला, हे १९९२ मध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या आरएनएच्या जनुकावरून दाखवलं गेलं. २००५ मध्ये ईस्टर बेटाच्या दक्षिणेला सुमारे २,२०० मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्यांजवळ सापडलेला केसाळ ‘यती खेकडा’, म्हणजे किवा हिर्सुटा, हाही त्याच बाजूचा. प्राइमर (पीसीआरमध्ये हवी ती जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडताना आणि तुलनेसाठी अनुक्रम गोळा करताना हा फरक आड येतो, म्हणून कुळ आधी पक्कं करा.

पाय कापण्याआधी

नमुना हातात आला की कात्री बाजूला ठेवा आणि कॅमेरा घ्या. पाठीकडून, पोटाकडून आणि समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. रंग आत्ताच टिपायचा, कारण अल्कोहोलमध्ये तो उतरतो. लाल आणि सोनेरी खेकडा काही महिन्यांनी एकाच फिकट रंगाचे दिसतात आणि मग रंगाचा पुरावा कायमचा जातो.

पाठीच्या कवचाच्या पुढच्या कडेवरचे दात मोजा. चेसिऑनमध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच असतात, जेरिऑनमध्ये तीन-तीन. क्विंक्विडेन्स या नावाचा अर्थच ‘पाच दातांचा’ असा आहे. पण मोठ्या, वयस्क खेकड्यात हे दात झिजून बोथट होतात आणि दुसरा आणि चौथा तर जेमतेम उंचवट्यासारखे उरतात. बोटाचं टोक कडेवरून हळूच फिरवलं तर डोळ्याला न दिसलेला दात हाताला लागतो.

आता चालायच्या पायाचं शेवटचं पेर पाहा. फेनेरीत ते दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, रुंदीपेक्षा उंचीला जास्त असतं. क्विंक्विडेन्समध्ये ते वरून दाबल्यासारखं, उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतं. या दोन जाती वेगळ्या करण्याची ही एक मुख्य खूण, आणि डीएनएसाठी पाय तोडताना नेमकी हीच खूण कचऱ्यात जाते. म्हणून एक नियम कायम पाळा: उजवी बाजू अखंड ठेवायची, ऊती डाव्या बाजूच्या तिसऱ्या चालायच्या पायातून घ्यायची, आणि तोडलेल्या पायाचं शेवटचं पेर त्याच बाटलीत परत टाकायचं.

नर की मादी, तेही लिहा. पोटाखाली दुमडलेलं झाकण नरात अरुंद आणि मादीत रुंद असतं. मादीला अंडी असतील तर ती ऊती म्हणून घेऊ नका. अंड्यांत बापाचाही डीएनए असतो, त्यामुळे पुढे केंद्रकातल्या खुणा वाचताना एकाच नमुन्यात तीन-चार वेगवेगळी रूपं दिसायला लागतात आणि नळी दूषित झाली असं वाटतं.

खेकडा जिवंत सोडायचा असेल तर एक पाय पुरतो. हे प्राणी संकटात स्वतःहून पाय टाकतात आणि पुढे कात टाकताना तो पुन्हा वाढतो. मात्र अशा नमुन्याला मागे खेकडा उरत नाही, फक्त फोटो उरतो. प्रत्येक ठिकाणचे निदान काही खेकडे तरी अखंड जपलेच पाहिजेत.

मांस, अल्कोहोल आणि चिठ्ठी

खेकड्याचा अख्खा पाय अल्कोहोलमध्ये बुडवला म्हणजे तो टिकला, असं समजू नका. कवचातून अल्कोहोल आत शिरत नाही. बाहेरून पाय छान दिसतो आणि आत मांस कुजत राहतं. पायाचं सगळ्यात लांब आणि जाड पेर धरा, त्याच्या टोकाला सांध्यावर मऊ पांढरी कातडी असते. बारीक कात्रीचं टोक त्या कातडीत घालून पेर लांबीने उभं चिरा. आतलं मांस पांढरं, दोऱ्यादोऱ्यांचं असतं. चिमट्याने तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा काढा, कवचाची कपची किंवा काळपट कातडी त्यात येऊ देऊ नका. प्रत्येक खेकड्यानंतर कात्री आणि चिमटा धुऊन, ब्लीचमध्ये बुडवून, पुन्हा धुवायचा. नुसतं अल्कोहोल फिरवल्याने आधीच्या खेकड्याचा डीएनए जात नाही.

अल्कोहोल ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र, मांसाच्या निदान पाच-दहा पट. मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं, म्हणून एका दिवसानंतर बदलायचं. त्यानंतर उणे २० अंशांवर ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. फॉर्मालिन अजिबात नको, आणि बाजारातलं मिश्रित स्पिरिटही नको. खोल पाण्याचं तापमान चार-पाच अंश असतं. तिथून वर आलेला खेकडा उन्हात तापलेल्या डेकवर तासभर पडला तरी मांस खराब व्हायला लागतं. वर आल्या आल्या बर्फ, मग बाकीचं.

चिठ्ठी पेन्सिलने, जाड कागदावर लिहून नळीच्या आत टाकायची. सुरुवातीच्या काळात मी नळ्यांवर मार्करने क्रमांक लिहिले होते. पेटीत एक झाकण सैल राहिलं, अल्कोहोल झिरपलं, आणि सकाळी पाहिलं तर अर्ध्याहून जास्त नळ्या कोऱ्या. मांस उत्तम होतं. डीएनएही निघाला असता. पण कोणता तुकडा कोणत्या खेकड्याचा हे सांगता येत नव्हतं, म्हणून सगळं टाकून द्यावं लागलं. त्यानंतर आतली चिठ्ठी मी कधी चुकवली नाही.

चिठ्ठीवरच्या क्रमांकाशी वहीत जोडायच्या गोष्टी: अक्षांश-रेखांश, जाळं किंवा सापळा टाकल्याची आणि उचलल्याची खोली, तारीख, साधन, लिंग, कवचाची रुंदी. खोली महत्त्वाची, कारण चेसिऑनच्या काही जातींत माद्या तुलनेने उथळ पाण्यात आणि नर अधिक खोलवर आढळतात. एकाच खोलीवरून नमुने घेतले तर तुम्ही नकळत एकाच लिंगाचा अभ्यास करता.

परवानग्याही याच टप्प्यावर घ्यायच्या. दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीतल्या जीवांच्या अनुवांशिक सामग्रीला २०१४ पासून अमलात आलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रासाठी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वीकारलेला खुल्या समुद्राचा करार आहे, आणि सागरी अनुवांशिक संसाधनं हा त्याचा एक मुख्य भाग आहे. नमुने आल्यावर कागद शोधत बसलात तर प्रकाशनाच्या वेळी अडकता.

मांसाऐवजी कल्ले घेणं बऱ्याच जणांना सोपं वाटतं, कारण ते मऊ असतात आणि डीएनए भरपूर देतात. मी टाळतो. कल्ल्यांवर बारीक जीव राहतात आणि ‘युनिव्हर्सल’ प्राइमर त्यांचाही डीएनए वाढवतात. देठाचे बार्नॅकल कवचावर चिकटलेले दिसतात. त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे ऱ्हायझोसेफॅला हे परजीवी. हेही बार्नॅकलच, पण यांचं शरीर खेकड्याच्या आत मुळांसारखं पसरतं, बाहेर पोटाखाली फक्त एक पिशवी दिसते. मांसातून बार्नॅकलचा अनुक्रम आला तर नमुना फेकू नका, खेकड्याचं पोट पुन्हा पाहा. किंग क्रॅबवर वाढणाऱ्या ब्रायरोसॅकस या परजीवीचा असाच डीएनए तपासल्यावर, उत्तर पॅसिफिकमध्ये एक समजल्या गेलेल्या परजीवीच्या जागी दोन वेगळ्या जाती निघाल्या. २०१६ मध्ये त्यांना नावं मिळाली.

डीएनए काढणं

इथे फार काही वेगळं नाही. मांसाचा तुकडा टिपकागदावर दाबून अल्कोहोल उडू द्या, नाहीतर एन्झाइम नीट काम करत नाही. प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा, मग सिलिका कॉलमचं किट वापरा किंवा सीटॅब या रसायनाची जुनी पद्धत. प्रत्येक तुकडीत एक नळी मांसाशिवाय चालवा. तिच्यातून पुढे पीसीआरमध्ये पट्टी आली तर त्या दिवसाची सगळी तुकडी संशयित धरायची.

डीएनए भरपूर असूनही पीसीआर चालत नसेल तर पुन्हा मांस कापायला धावू नका. खेकड्याच्या ऊतीतली रंगद्रव्यं आणि इतर पदार्थ एन्झाइमला अडवतात. आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा, मग मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालून पाहा. अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

कोणतं जनुक

ओळखीसाठी दोन जनुकं एकत्र घ्या: सीओआय आणि १६एस. दोन्ही मायटोकॉन्ड्रियातली. सीओआयचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांच्या गटाने प्राण्यांचा ‘बारकोड’ म्हणून सुचवला. तो वाढवणारे प्राइमर मात्र त्याआधीचे, फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिलेले. त्या सहकाऱ्यांपैकी रिचर्ड लुट्झ आणि रॉबर्ट व्रिजेनहुक हे खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांच्या जीवांवर काम करणारे, हे मला फार आवडतं. आज जमिनीवरच्या किड्यांपासून व्हेलपर्यंत वापरले जाणारे हे प्राइमर मुळात समुद्राच्या तळाशी नातं असलेल्या हातांनी बनवले.

१६एस सीओआयपेक्षा हळू बदलतं. म्हणून कुळ आणि प्रजाती ठरवायला ते भरवशाचं, पण जवळच्या जाती वेगळ्या करायला कमी पडतं. त्याचा फायदा असा की त्याचे प्राइमर खेकड्यांत सहसा दगा देत नाहीत आणि जुन्या संशोधनात त्याचे अनुक्रम भरपूर आहेत.

पीसीआरमध्ये ९५ अंशांवर सुरुवात, ३५ आवर्तनं, ७२ अंशांवर वाढ. फोल्मर प्राइमरसाठी चिकटण्याचं तापमान ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान आजमावा. पट्टी फिकट आली तर तापमान उतरवण्याचा मोह होतो. दोन-तीन अंश ठीक, त्याहून खाली गेलात तर नको ते तुकडे वाढतात. त्यापेक्षा २०१३ मध्ये समुद्री अपृष्ठवंशीयांसाठी सुधारलेली फोल्मर प्राइमरची आवृत्ती वापरा. सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करून घ्या, कारण प्रत्येक वाचनाची पहिली तीस-चाळीस अक्षरं गढूळ असतात.

खोटं जनुक

या कामातला सगळ्यात मोठा सापळा हा, म्हणून इथे थोडं थांबतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात जाऊन चिकटतात. तिथे त्यांना काही काम नसतं, त्यामुळे त्यांच्यात चुका साचत जातात. त्यांना नुमट म्हणतात. प्राइमर खरं आणि खोटं ओळखत नाही, जे नीट जुळलं ते वाढवतो. २००८ मध्ये टोळ आणि गोड्या पाण्यातले क्रेफिश यांच्यावरच्या एका अभ्यासाने दाखवलं की नुमट लक्षात न घेता बारकोड मोजले तर जातींची संख्या फुगते. कवचधारी प्राण्यांत हा प्रश्न वारंवार येतो. ‘गुप्त जाती’ सापडल्याचा आनंद करण्याआधी पुढची तपासणी कराच.

पहिल्यांदा क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून मिळणारा रंगीत शिखरांचा आलेख, डोळ्यांनी वाचा, सॉफ्टवेअरने दिलेली अक्षरं नव्हे. स्वच्छ वाचनात एकामागून एक उंच, एकेकटी शिखरं दिसतात. नुमट मिसळला असेल तर काही ठिकाणी दोन रंगांची शिखरं एकावर एक बसलेली दिसतात: हिरव्याखाली छोटं काळं, निळ्याखाली छोटं लाल. अख्ख्या वाचनात असं दोन-तीनदा होणं समजू शकतो. प्रत्येक वीस-तीस अक्षरांनंतर होत असेल तर तिथे दोन अनुक्रम एकत्र आहेत.

मग अनुक्रमाचं प्रथिनात भाषांतर करा. तिन्ही चौकटी करून पाहा, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरापासून वाचून पाहा. त्यातल्या एकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही थांबा, म्हणजे प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं, यायला नको. इथे नवखे नेहमी फसतात. सॉफ्टवेअरमध्ये आनुवंशिक संकेताचा तक्ता निवडावा लागतो आणि आधीपासून निवडलेला असतो तो सर्वसाधारण तक्ता. त्यात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे थांबा. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता क्रमांक ५ निवडला नाही तर उत्तम अनुक्रमातही जागोजागी थांबे दिसतात आणि चांगला नमुना फेकला जातो. एका प्रशिक्षण वर्गात मी अख्ख्या टेबलाने असे नमुने बाद केलेले पाहिले आहेत.

थांबा नसला तरी समाधान मानू नका. अलीकडेच केंद्रकात गेलेल्या नुमटमध्ये थांबा यायला वेळ मिळालेला नसतो. एक-दोन अक्षरं गळली किंवा घुसली आहेत का, आणि एरवी कधी न बदलणाऱ्या अमिनो आम्लाच्या जागा बदलल्या आहेत का, ते जवळच्या जातींशी मांडून पाहा. तरीही शंका राहिली तर वेगळे प्राइमर घ्या, किंवा ज्यात मायटोकॉन्ड्रिया जास्त असतात अशा स्नायूतून पुन्हा डीएनए काढा. आणि १६एस काय सांगतो ते विचारा. सीओआय म्हणतो वेगळी जाती, १६एस म्हणतो तीच जाती, तर आधी नुमटचा संशय घ्या आणि मगच नव्या जातीचा विचार करा.

नाव शोधताना

स्वच्छ अनुक्रम जेनबँक या डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक कोशात ब्लास्ट या शोधसाधनाने आणि बोल्ड या बारकोडच्या कोशात शोधा. सगळ्यात वर आलेलं नाव उचलून अहवालात लिहिणं हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य गुन्हा आहे. वर आलेल्या नोंदी एकेक उघडा. नमुना कुठल्या समुद्रातला आहे? तो संग्रहालयात ठेवलेला आहे का, त्याचा क्रमांक दिला आहे का? नाव कोणी ठरवलं? एकाच प्रयोगशाळेच्या दहा नोंदी म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकच पुरावा दहा वेळा लिहिलेला. जुन्या नोंदी जेरिऑन या नावाखाली दडलेल्या असतात, म्हणून सध्याचं ग्राह्य नाव वर्म्स या समुद्री जीवांच्या जागतिक यादीत पडताळा.

९८ टक्के जुळलं म्हणजे तीच जाती आणि ९७ टक्के जुळलं म्हणजे वेगळी, अशी लक्ष्मणरेषा कुठेही आखलेली नाही. त्या प्रजातीत एका जातीच्या आतला फरक किती आणि दोन जातींमधला किती, हे आपल्याच आकड्यांतून पाहायचं. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा दिसली तर बारकोड काम करतो आहे. असॅप किंवा पीटीपीसारख्या संगणकी पद्धती अनुक्रमांचे गट पाडून देतात, पण ते गट हा एक अंदाज असतो, जातीचा दाखला नव्हे. शक्य असेल तर त्या जातीचं पहिलं वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून झालं, तिथलाच ताजा खेकडा तुलनेला मिळवा. नामकरणाच्या नियमांनुसार नाव त्या पहिल्या नमुन्याला चिकटलेलं असतं.

एक जनुक पुरत नाही तेव्हा

आता चेसिऑनचीच एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या, म्हणजे न्यू इंग्लंडच्या दक्षिणेच्या, आणि मेक्सिकोच्या आखातातल्या लाल खेकड्यांचा १६एस वाचला गेला. सोबत फ्लोरिडाकडचा सोनेरी फेनेरी आणि पूर्व अटलांटिकमधला अफिनिस. एकूण ३७ खेकडे. अपेक्षा अशी की दोन्हीकडचे क्विंक्विडेन्स एकत्र येतील. झालं उलट. सगळ्यात मोठा फरक त्या दोन क्विंक्विडेन्सच्या गटांतच निघाला, निदान १० अक्षरांचा. आणि तपासलेले अकराही फेनेरी आखातातल्या क्विंक्विडेन्सच्या सर्वांत सामान्य रूपाशी तंतोतंत जुळले.

रंग वेगळा, पायाचं पेर वेगळं, आणि १६एस एकच. अशा वेळी काय म्हणायचं? फेनेरी ही जातीच नाही असं म्हणता येत नाही. दोन जाती अलीकडे फुटल्या असतील आणि हळू बदलणाऱ्या जनुकात फरक साचायला वेळ मिळाला नसेल, किंवा कधीतरी संकर होऊन एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरला असेल. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे बापाची बाजू त्यात कधीच दिसत नाही. बेरिंग समुद्रात कायोनोसीटिस प्रजातीतल्या ओपिलिओ आणि बेअर्डी या दोन जातींचे संकर मिळतात. त्यांचा सीओआय वाचला तर फक्त आईची जाती कळते आणि तुम्ही आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देता.

म्हणून जवळच्या जातींत केंद्रकातली जनुकं घ्यावीच लागतात. एक-दोन नव्हे, जमलं तर रॅड-सीक्वेन्सिंगने (अख्ख्या डीएनएभर विखुरलेले छोटे तुकडे एकदम वाचण्याची पद्धत) मिळणाऱ्या शेकडो-हजारो जागा. त्या अभ्यासाचा दुसरा धडा मासेमारीचा आहे. एका नावाखालचे दोन साठे प्रत्यक्षात वेगळे असतील, तर एकाकडचे खेकडे संपल्यावर दुसरीकडून भरपाई होणार नाही. अटलांटिकच्या लाल खेकड्याचा अमेरिकी व्यवस्थापन आराखडा या अभ्यासाच्या आदल्याच वर्षी, २००२ मध्ये लागू झाला होता.

‘कुठला’ हे शोधणं

जाती कळली, आता पाणी शोधायचं. यासाठी आधी नकाशा तयार हवा: प्रत्येक संभाव्य ठिकाणचे तीस-पन्नास खेकडे, दोन्ही लिंगांचे, शक्यतो एकाहून अधिक वर्षांचे. त्यांच्या एसएनपी खुणांवरून, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांवरून, प्रत्येक ठिकाणची ‘सवय’ कळते, म्हणजे कोणतं रूप किती प्रमाणात आढळतं. मग अनोळखी खेकड्याचा डीएनए कोणत्या ठिकाणाशी सर्वांत चांगला जुळतो ते संगणक सांगतो.

संगणकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ठिकाण माहीत असलेले काही खेकडे नकाशातून बाजूला काढा, ते अनोळखी म्हणून टाका, आणि किती वेळा बरोबर उत्तर येतं ते मोजा. तो आकडा अहवालात द्या. दुसरा धोका अधिक गंभीर आहे: खेकडा जिथून खरोखर आला ते ठिकाण तुमच्या नकाशातच नसेल, तरी प्रोग्रॅम त्याला सर्वांत जवळच्या ठिकाणी बसवतोच. म्हणून ‘यापैकी कोठलाही नाही’ हा पर्याय तपासणारी चाचणी आवर्जून लावा.

फरक सापडलाच नाही तर? चेसिऑनच्या अळ्या पाण्यात तरंगत दूर जातात आणि प्रौढही चालतात. आफ्रिकेच्या पश्चिमेला खुणेचे टॅग लावलेले खेकडे शेकडो किलोमीटरवर पुन्हा सापडले आहेत. दर पिढीत मोजके खेकडे इकडून तिकडे गेले तरी अनुवांशिक फरक पुसला जातो. पण तेवढ्याशा ये-जा करणाऱ्यांनी रिकामा झालेला साठा भरत नाही. म्हणून ‘अनुवांशिक फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘एकच साठा आहे’ असा करू नका. मासेमारीची मर्यादा ठरवणाऱ्यांना हे वाक्य मी दोनदा समजावतो. कवचातली आणि मांसातली स्थिर समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपं) अशा वेळी जोडीला घेतली तर काही अडलेले प्रश्न सुटतात.

शिजवलेलं मांस आणि डबाबंद माल

शिजवलं, गोठवलं तरी सीओआय बहुधा मिळतो. डब्यात दाबाखाली उकडलेल्या मांसात मात्र डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात. तिथे ६५० अक्षरांचा हट्ट सोडा आणि १०० ते २०० अक्षरांचे छोटे बारकोड वाढवा. एका डब्यात अनेक खेकड्यांचं मांस असतं, म्हणून वेगवेगळ्या जागचे आठ-दहा तुकडे घ्या आणि प्रत्येकाचा डीएनए वेगळा काढा. सगळं एकत्र वाटलंत तर शिखरांची खिचडी होईल. ‘खेकडा कांडी’ म्हणून विकला जाणारा पदार्थ बहुतेकदा सुरिमीचा, म्हणजे माशाच्या वाटलेल्या मांसाचा असतो. खेकड्याचे प्राइमर त्यात चालले नाहीत तर माशाचे लावा.

युरोपीय संघात २०१३ च्या १३७९ क्रमांकाच्या नियमावलीने ठराविक समुद्री मालाच्या लेबलवर शास्त्रीय नाव आणि पकडल्याचं क्षेत्र देणं बंधनकारक केलं आहे. अशा लेबलची तपासणी न्यायालयापर्यंत जाऊ शकते. तेव्हा नमुना सीलबंद कोणी केला, कोणाकडे गेला, कधी उघडला याची सलग नोंद हवी. अर्धा नमुना न उघडता जपून ठेवा, म्हणजे दुसरी प्रयोगशाळा तो स्वतंत्रपणे तपासू शकते.

पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून खोल समुद्रातला खेकडा शोधता येतो का, असं हल्ली वारंवार विचारलं जातं. येतो, पण माशांएवढा सहज नाही. टणक कवचातून डीएनए कमी सुटतो. पाणी जास्त गाळा, तळाजवळून घ्या, कोरे नमुने जास्त ठेवा, आणि ‘सापडला नाही’ याला ‘नाही’ समजू नका.

अहवाल आणि मागे उरणारं

निकाल लिहिताना पुरावा जिथपर्यंत जातो तिथेच थांबा. ‘चेसिऑन, जाती निश्चित नाही, १६एस फेनेरी आणि क्विंक्विडेन्स दोन्हींशी जुळतो, रंग नोंदलेला नाही’ हा पूर्ण आणि उपयोगी निकाल आहे. अनुक्रमासोबत क्रोमॅटोग्रामही जमा करा, म्हणजे पुढच्याला शिखरं पाहता येतील. जेनबँकच्या नोंदीत संग्रहालयातल्या खेकड्याचा क्रमांक लिहा. बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही एक पाऊल पुढे जा: संग्रहालयात जाऊन त्या खेकड्याच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर अनुक्रमाचा क्रमांक पेन्सिलने लिहून या. उरलेला डीएनए आणि मांसाचा तुकडा उणे ८० अंशांवर त्याच क्रमांकाखाली ठेवा. वीस वर्षांनी कोणी ते झाकण उघडेल तेव्हा त्याच्या हातात खेकडा, पायाचं ते शेवटचं पेर आणि अनुक्रम तिन्ही एकत्र असतील.